सगळ्यांनाच येणारं क्लोराइड

दहावीपर्यंत मी लिटमसचा कागद पाहिला नव्हता. निळा लिटमस आम्लात लाल होतो हे मात्र चार परीक्षांत लिहिलं आणि चारही वेळा पूर्ण मार्क घेतले. साखरखेर्ड्याच्या अलीकडे आमचं गाव. शाळेत विज्ञानाचं एक लोखंडी कपाट होतं. किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक मीटिंगला. एकदा मी वर्गात उभी राहिले आणि विचारलं, "सर, त्या कपाटात काय हाये?" सर म्हणाले, "विज्ञान." सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. त्या दिवसापासून बंद कपाट दिसलं की मला संशय येतो, आणि त्याच दिवसापासून मला शाळेत रसायनशास्त्र शिकवायचं आहे.

म्हणून बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली. पुढे बी.एड., आणि मग कुठलीही शाळा, फक्त तिथल्या कपाटाची किल्ली माझ्या हातात पाहिजे. कॉलेज चिखलीच्या बाजूचं. नाव लिहीत नाही. भीती म्हणून नाही; नाव लिहिलं की बाकीची कॉलेजं सुटकेचा निःश्वास टाकतात म्हणून.

अकरावीपासून मी एका विद्यार्थी संघटनेचं काम करत होते. बसचा पास, अडकलेली स्कॉलरशिप, होस्टेलचं जेवण, जिथे अन्याय दिसेल तिथे पत्रक. आमच्या संघटनेतल्या दादानं मला पत्रक लिहायला शिकवलं. तो म्हणायचा, "वरत प्रश्न, मधात दोषी, खाली मागणी. दोषी नसला त ते पत्रक नाही होत, निबंध होते." मी शाळेत निबंध पुष्कळ लिहिले होते. पत्रक मला जास्त आवडलं.

दुसऱ्या वर्षाला इनऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल लागलं. प्रत्येकाला एक पुडी मिळते, तिच्यात दोन क्षारांचं मिश्रण. त्यात काय काय आहे ते आपण शोधून काढायचं. रंग पाहा, तापवा, आम्ल टाका, वास घ्या, एकेकावर संशय घ्या, एकेकाला सोडा, आणि शेवटी पुरावा द्या. मला वाटलं, हा विषय माझ्यासाठीच काढला आहे. बाकीच्या पोरी सडक्या अंड्याच्या वासानं ओढणी नाकाला लावायच्या, मी वहीत वेळ लिहायचे.

पण पहिल्याच महिन्यात मला एक भानगड दिसली. मिश्रणात क्लोराइड आहे का हे पाहायचं तर द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकतात. क्लोराइड असेल तर दह्यासारखा पांढरा साका येतो. पुस्तकात त्याला अवक्षेप म्हणतात, आम्ही पीपीटी म्हणायचो. आमच्या लॅबमध्ये हा साका सगळ्यांनाच यायचा. पुडी कुठलीही असो, बेंच कुठलाही असो, दोन थेंब टाकले की नळी पांढरी.

आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं! तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी आम्हाला पहिल्या दिवशीच मंत्र दिला होता, "क्लोराइड आलं त लिहू नको बे, इथं सगळ्यायलेच येते." आणि खरंच क्लोराइड असलं तर? "तवा मामाले इचारायचं."

मामा म्हणजे लॅबचे परिचर. पन्नाशीचे असतील. कंत्राटावर. पुड्या तेच बांधायचे, द्रावणं तेच करायचे, सिल्व्हर नायट्रेटची काळपट बाटली त्यांच्याच ताब्यात. दाराशी एका स्टुलावर बसून असायचे. पोरं जायची, हळूच काहीतरी विचारायची, मामा "हाव", म्हणजे हो, म्हणायचे किंवा मान हलवायचे, आणि पोरं बेंचवर येऊन बिनधास्त निकाल लिहायची. अख्ख्या विभागाचं रसायनशास्त्र एका स्टुलावर बसलेल्या माणसाच्या मानेवर चाललं होतं. सर आठवड्यातून एकदा यायचे आणि जर्नलवर सह्या करून जायचे.

मी ठरवलं होतं की मामांना विचारायचं नाही. उद्या मला पोरांना शिकवायचं आहे, तिथे कोणता मामा? पण एक दिवस विचारलंच. सगळ्यांदेखत, मोठ्यानं, कारण हळू विचारणं मला लाच दिल्यासारखं वाटत होतं.

"मामा, माझ्या पुडीत क्लोराइड आहे का नाही?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मले काय इचारतं? आधी नुसत्या पाण्याले करून पाय."

बाजूच्या टेबलावरचे दोघं हसले. मी परत आले.

आता हे वाक्य मला कसं लागलं ते सांगते. आमच्या घरात पाणी हा नुसता शब्द नाही. माझ्या आजोबांच्या वयाच्या माणसांनी गावच्या विहिरीवर ओंजळ पुढे करून, वरून कोणी ओतेल ते पाणी प्यायलं आहे. त्यामुळे कोणी "तू आपली नुसतं पाणी पाहा" असं चारचौघांत म्हटलं, की मी आधी त्या माणसाचं आडनाव आठवते. मामांचं आडनाव मी पहिल्याच आठवड्यात माहीत करून घेतलं होतं. आपल्याकडे सगळेच करून घेतात, मी कबूल करते एवढंच. आडनाव आमच्यातलं नव्हतं.

त्याच तासाला माझी बेंचवरची मैत्रीण मामांकडे गेली. ती डोणगावची, घरची मोठी शेती, चिखलीला खोली करून राहायची. तिनं खाली वाकून काहीतरी विचारलं. मामा "हाव" म्हणाले. ती आली, तिनं काहीतरी खटपट केली, आणि लिहिलं: क्लोराइड नाही. बरोबर निघालं. मी लिहिलं: क्लोराइड आहे. चूक निघालं. सेमिस्टरच्या प्रॅक्टिकललाही हेच झालं. तिला मिळाले पैकीच्या पैकी, माझा एक अख्खा क्षार गेला.

मोठ्या घरच्या पोरीला "हाव", आणि मला पाणी. का? कोणाच्या सांगण्यावरून? आणि आजवर सगळे गप्प का? माझ्या डोक्यात वाक्यं अशीच यायला लागली होती, पत्रकाच्या टायपात.

मग मी लक्ष ठेवायला लागले. डिस्टिल्ड वॉटर असं लिहिलेली मोठी काचेची बाटली लॅबच्या कोपऱ्यात होती. ती आमच्यासमोर कधीच भरली जात नव्हती. आम्ही यायच्या आत भरलेली असायची. ऊर्ध्वपातनाचं यंत्र, म्हणजे पाणी उकळून त्याची वाफ थंड करून शुद्ध पाणी काढायचं यंत्र, मागच्या खोलीत होतं, आणि खोलीला कुलूप. आलं परत कपाट! एकदा मी जर्नल द्यायला स्टाफरूममध्ये गेले तर रजिस्टर उघडं होतं. त्यात लिहिलेलं: ऊर्ध्वपातन संच, चालू स्थितीत. खाली सरांची सही.

आणि एका शुक्रवारी गावाकडच्या जीपमध्ये बसले असताना मला मामा दिसले. बसस्टँडजवळ गाड्यांच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे. मामा सायकलला दोन पांढरे कॅन लटकवून त्या दुकानात शिरले. बॅटरीत काय टाकतात? डिस्टिल्ड वॉटर. पुढच्या शुक्रवारी मुद्दाम थांबले. परत मामा, परत दोन कॅन.

मला सगळं लख्ख दिसलं. यंत्र चालू आहे. शुद्ध पाणी निघतं. ते मामा दुकानात विकतात. आम्हाला बोअरचं खारट पाणी देतात, म्हणून सगळ्यांना क्लोराइड येतं. आणि खरं उत्तर लाडक्या पोरींच्या कानात सांगतात, म्हणजे बोंब होत नाही. मी जीपमध्ये वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतलं आणि मेहकर फाट्याच्या आत पत्रक तयार झालं.

"रसायनशास्त्र विभागाचं शुद्ध पाणी कुठे मुरतं?" हा वरचा प्रश्न. मध्ये "दर शुक्रवारी सायकलवर कॅन नेणारा आणि लाडक्या पोरींच्या कानात उत्तरं सांगणारा कर्मचारी." खाली मागणी: "चौकशी करा, कारवाई करा." खाली संघटनेचं नाव. माझं नव्हतं. दादानं वाचलं आणि म्हणाला, "एक नंबर. दोषी एकदम कडक बसला." सोमवारी सकाळी सगळ्या कॉलेजात कागद होते. मामांनी एक उचलला, वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि पुड्या बांधायला बसले. मला तो कांगावा वाटला. न बोलण्याचाही कांगावा असतो, असं तेव्हा मला वाटायचं.

दुपारी सरांनी बोलावलं. विभागप्रमुख सर. मी भांडायची तयारी करून गेले. सर म्हणाले, "ये, बस. चहा घेशील?"

तीन सेमिस्टर झाले होते, या सरांनी मला कधी खुर्ची दिली नव्हती.

"पत्रक वाचलं," सर म्हणाले. "भाषा चांगली आहे. मुद्देसूद आहे. तुझ्यासारख्या मुली पाहिजेत."

खरं सांगते, सरांनी माझ्या पत्रकाची तारीफ केली तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या पत्रकाचा संशय आला. आजवर ज्यांच्या विरुद्ध काही लिहिलं त्यांनी पत्रकं फाडली होती, घरी फोन केले होते, एकानं तर माझा पास अडवला होता. चहा कोणी पाजला नव्हता.

"आता एकच कर," सर म्हणाले. "हेच अर्जाच्या रूपात लिही आणि खाली स्वतःची सही कर. माणूस कंत्राटी आहे. एजन्सीला एक पत्र गेलं की विषय संपला. पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येतेय, त्याआधी घर स्वच्छ झालेलं बरं."

"सर, ते ऊर्ध्वपातनाचं यंत्र एकदा पाहता येईल?"

"ते चालू आहे. रजिस्टरला नोंद आहे."

"म्हणूनच म्हटलं, पाहू."

"आधी अर्ज."

"उद्या आणते सर."

चहा मी अर्धा ठेवला. बाहेर आले. माझी सही झाली की एका माणसाची नोकरी जाणार होती. हे मला हवंच होतं की! मग सरांनाही तेच का हवं होतं?

तिथून सरळ बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदार काउंटरवर एक बॅटरी उघडून बसला होता.

"या ताई. इन्व्हर्टरची का गाडीची?"

"पाण्याचं विचारायचं आहे. कॉलेजचे मामा तुम्हाला डिस्टिल्ड वॉटर विकतात ना?"

दुकानदारानं पाना खाली ठेवला. "विकते? मले? अवो बाई, तो नेते इथून! दर शुक्रवारी रिकामे कॅन आणते अन् भरून नेते."

"कशाच्या बदल्यात?"

"तुम्ही पोलिसातल्या हाये का?"

"नाही. केमिस्ट्रीची."

तो हसला. "रविवारी येते अन् माह्या समद्या बॅटऱ्या पाहून देते. पाणी भरते, टर्मिनल घासते. म्या म्हनलं होतं एकडाव, कॉलेजच्या नावानं बिल फाडू का? त म्हने नको. म्हने यंत्र चालू हाये असं लिहून हाये तिथं, मंग पाणी इकत कायले पाह्यजे असं इचारतीन. यंत्र त दोन वर्सं झाले जळून पडेल हाये. कोणाले सांगू नका बाप्पा, त्याची नोकरी जाईन."

मी म्हटलं, "सांगत नाही." आणि ज्या दिवशी शंभर कागद वाटले त्याच दिवशी हे म्हटलं.

रिकामे कॅन. सायकलवर भरलेले दोन कॅन लटकवले की हँडल डुलतं, माणूस उतरून ढकलत नेतो. मामा सायकलवर बसून, शीळ घालत आत शिरले होते. मी दोन्ही शुक्रवारी ते पाहिलं होतं. मी फक्त आत जाताना पाहिलं. बाहेर येईपर्यंत थांबायला माझ्याजवळ वेळ नव्हता, मला पत्रक लिहायचं होतं.

आणि याहून मोठी चूक माझ्या जीपमध्ये लक्षात आली, तेव्हा मी इतक्या जोरात "अरे" म्हणाले की शेजारच्या बाईनं पिशवी जवळ ओढली. ती चूक फक्त केमिस्ट्रीवालीच करू शकते, आणि केमिस्ट्रीवालीनं तर ती मुळीच करायला नको. सिल्व्हर नायट्रेटची बाटली! मामा आम्हाला सगळं बोअरचंच पाणी देत असते, तर सिल्व्हर नायट्रेटचं द्रावणही त्यांनी त्यातच केलं असतं. आणि खारट पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की ते बाटलीतच पांढरं गढूळ होऊन बसतं. आमचं द्रावण ड्रॉपरमध्ये घेतलं की काचेसारखं नितळ असायचं. रोज. माझ्या हातात. माझ्या बोटांवर त्याचे काळे डाग होते. म्हणजे कुठून तरी चांगलं पाणी लॅबमध्ये येत होतं, जात नव्हतं. दोन कॅन पाण्यात सत्तर पोरांची भांडी धुणं होत नाही, फक्त द्रावणं होतात. तेवढं पाणी मामा बाहेरून आणून आमचं प्रॅक्टिकल उभं ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेले. लॅब उघडलेली होती. डोणगावची मैत्रीण आठवडाभर गावी होती, ती नेमकी त्याच सकाळी परतली होती आणि पत्रक हातात धरून उभी होती.

"हे तू लिहिलं बे?"

"हो."

"लाडक्या पोरी म्हंजे मी का?"

मी पिशवी बेंचवर ठेवली.

"मामानं मले एकडावबी उत्तर सांगतलं नाई. म्या इचारलं, मामा हे पाण्यातच त नाई ना? त हाव म्हने. मंग म्या एका नळीत नुसतं बोअरचं पाणी घेतलं अन् एकीत माहं द्रावण, दोन्हीत थेंब टाकले. सारखाच साका आला त पुडीत काई नाई. जास्त आला त हाये. एवढंच त होतं!"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं कवा? तू त नुसती वहीत टाइम लिहून राह्यली होती. मले वाटलं माह्यावरच केस करतं."

मामा मागच्या खोलीतून बाहेर आले. मी म्हटलं, "मामा, तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"सांगतलं होतं." मामांचा आवाज चढला नव्हता. "समद्यायच्या मधात सांगतलं होतं. आधी नुसत्या पाण्याले करून पाय म्हनलो होतो. तुले त्यात काय आयकू आलं ते तुले माहीत."

"मला वाटलं तुम्ही..."

"वाटलं न? मंग छापाच्या आधी इचारायचं होतं. कागद तुह्याजवळ, तोंडबी तुह्याजवळ."

मी म्हटलं, "यंत्र दाखवता?"

ते बाजूला झाले. मागच्या खोलीचं कुलूप उघडंच होतं. यंत्राच्या काचेला आतून बोटभर जाड पांढरा थर, आमच्या बोअरच्या पाण्याचा, आणि तापायची सळई जळून काळी. मी थराचा तुकडा खरवडून त्यावर आम्लाचा थेंब टाकला. फसफसला. चुन्याचा थर, दोन वर्षांचा, आणि वर चालू स्थितीत असल्याची सही.

मग मी तीन नळ्या घेतल्या. एकीत नळाचं पाणी. एकीत कोपऱ्यातल्या बाटलीतलं, जिच्यावर डिस्टिल्ड लिहिलं होतं. तिसरीत मामांच्या कॅनमधलं. तिन्हीत दोन दोन थेंब. पहिली पांढरी. दुसरी पांढरी. तिसरी जशीच्या तशी. ही चाचणी मी पहिल्याच महिन्यात करायला पाहिजे होती. पाच मिनिटांचं काम होतं.

नळ्या स्टँडसकट घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. स्टँड खिडकीत ठेवला, कारण टेबलावर जागा नव्हती.

"अर्ज आणलास?" सर म्हणाले.

"आणला सर. दुसरा आणला. यंत्र बंद आहे, बाटलीत बोअरचं पाणी आहे, आणि मागच्या पत्रकात मी चुकीच्या माणसाला दोषी ठरवलं, असा."

सरांनी अर्ज वाचला. मग म्हणाले, "तुझं शेवटचं प्रॅक्टिकल अजून व्हायचं आहे. माहीत आहे ना?"

"माहीत आहे सर. म्हणूनच पुरावा आज आणला, निकालानंतर नाही."

"हे बघ, त्या माणसानं वरिष्ठांना न सांगता बाहेरचं पाणी आणलं. हाही नियमभंगच आहे. कारवाई तर होणारच."

"मग तुमच्या सहीवरही होईल सर. समिती आली की मी ह्या तीन नळ्या घेऊन पायरीवर बसणार आहे. बोलणार काही नाही. ज्याला विचारायचं तो विचारेल."

सर खिडकीकडे पाहायला लागले. सिल्व्हर क्लोराइड उजेडात ठेवलं की हळूहळू जांभळं पडतं. आम्ही बोलत होतो तेवढ्यात दोन नळ्या जांभळट झाल्या होत्या. तिसरी तशीच. सरांनी हे शंभर वेळा शिकवलं असेल. ते म्हणाले, "त्या उन्हातून काढ आधी." मी काढल्या नाहीत.

संध्याकाळी दादाला भेटले. दुसरं पत्रक दाखवलं. वर प्रश्न नव्हताच. पहिली ओळ होती: "मागच्या पत्रकात मी चुकले." खाली संघटनेचं नाव नाही, माझं.

दादा भडकला. "पत्रक कोणी मांगं घेते का? आज हे मांगं घेतलं त उद्या आपलं स्कॉलरशिपचं पत्रक कोण खरं मानीन?"

"हे मागे नाही घेतलं, तर कोणी का मानावं?"

"अन् दोषी कोण मंग यात?"

"आहे की. पहिली ओळ वाच. आणि तिसरी ओळ वाच, तिथे रजिस्टरवरची सही आहे."

"निबंध झाला हा," दादा म्हणाला. तरी शंभर प्रती त्यानंच काढून आणल्या, एवढं त्याच्या बाजूनं लिहिलं पाहिजे.

समिती यायच्या दोन दिवस आधी कॉलेजात डिस्टिल्ड वॉटरचे सीलबंद कॅन आले. रजिस्टरमध्ये "चालू स्थितीत" खोडून "दुरुस्तीसाठी" झालं. मला नळ्या घेऊन पायरीवर बसावं लागलं नाही. यंत्र अजून दुरुस्त झालेलं नाही, मी दर महिन्याला जाऊन पाहते. मामांना काढलं नाही. कंत्राट वर्षअखेरपर्यंत वाढवलं. का वाढवलं? न्याय म्हणून? मला नाही वाटत. मामांनी बाहेर तोंड उघडू नये म्हणून वाढवलं असणार. हा संशय माझ्याजवळ आहे आणि मी तो सोडणार नाही. पण त्याचं पत्रक मी लिहिलेलं नाही. पुरावा नाही.

दुसरं पत्रक मी मामांच्या हातात स्वतः दिलं. त्यांनी ते पहिल्यासारखंच वाचलं, पहिल्यासारखीच घडी घातली आणि त्याच खिशात ठेवलं. "माफ करा" मी तोंडानं म्हटलं होतं. ते म्हणाले, "बरं." त्या दिवसापासून मामा मला मॅडम म्हणायला लागले. बाकी सगळ्या पोरींना बाई, मला मॅडम. मला शिक्षिका व्हायचं होतं, कोणी मॅडम म्हणावं ही माझी हौस होती. ती अशी पुरी झाली.

शेवटच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक होते. माझ्या बेंचवर मामांनी पुडी ठेवली, आणि पुडीशेजारी पाण्याची बाटली. वर डिस्टिल्ड लिहिलेलं. मी बाटलीकडे पाहिलं. मामा दोन पावलांवर उभे होते. आता काय करायचं? या माणसानं दिलेल्या पाण्यावर त्याच्या डोळ्यांदेखत संशय घ्यायचा? एकदा घेतला होता, तो कसा घेतला होता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. न तपासता वापरलं तर त्याचा मान राहील असं वाटलं. मग वाटलं, उद्या माझ्या वर्गातली एखादी पोरगी मला विचारेल, मॅडम, तुम्ही पाण्याला करून पाहिलं होतं का?

मी एक नळी घेतली. त्यात नुसतं पाणी. दोन थेंब. नितळ.

मान वर केली तर मामा पाहतच होते.

"पायलं का करून?"

"हो मामा. पायलं."

"मंग लाग कामाले," ते म्हणाले, आणि पुढच्या बेंचवर पुडी ठेवायला गेले.